एकादशीचं इन्सुलिन

पौष वद्य एकादशी. तुमच्याकडे सकाळचे साडेनऊ, इथे टोरांटोत आदल्या रात्रीचे अकरा. मी प्रयोगशाळेत टेबल पुसत होते.

किरणोत्सारी ग्लुकोज हाताळलं की इथे असंच उठून घरी जाता येत नाही. टेबल, पिपेट, फ्रिजचं हँडल, नळ, प्रत्येक ठिकाणी कागदाची चकती फिरवायची, किरणोत्सारी अंश कुठे सांडून राहिला नाही ना हे कळायला. चकत्या मोजणीच्या मशीनमध्ये लावायच्या, आकडे येईपर्यंत थांबायचं, वहीत लिहून सही करायची. एक आकडा जास्त आला तर ती जागा धुवून परत पहिल्यापासून. फोन त्या खोलीत न्यायचाच नाही, तो बाहेर कप्प्यात. या नियमाचा मला पहिल्या वर्षी फार राग यायचा. उणे पंधरात शेवटची बस चुकली की जास्तच. आता हात आपोआप चालतात. आपल्याकडे एवढी काटेकोर शिस्त मी पाहिली नव्हती, आणि ती मला आवडते, हेही खरं.

त्या रात्री बाहेर येऊन कप्पा उघडला, तर दादाचे सहा मिस्ड कॉल.

आईला त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेला जायचं होतं. लवकर निघायचं म्हणून तिने पहाटेच नेहमीचं इन्सुलिन टोचून घेतलं आणि दर्शन झाल्याशिवाय काही खायचं नाही असं ठरवलं. दादा सातपूरला पहिल्या पाळीला गेलेला, वहिनी शाळेत. पंचवटीतल्या आमच्या शेजारच्या काकू हाक मारायला आल्या तेव्हा आई उंबऱ्यावर बसलेली, हात थरथरत होते. जानेवारीतली नाशिकची थंडी आणि ब्लाउज घामाने चिंब! उपाशीपोटी इन्सुलिन घेतल्याने रक्तातली साखर उतरली होती. काकूंनी क्षणभरही विचार केला नाही. साखर पाण्यात ढवळली आणि घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांत आई बोलायला लागली, आणि पहिलं काय विचारलं, तर एसटी गेली का?

दादा फोनवर एवढंच म्हणाला, "तू तिथे इन्सुलिनवरच काम करतेस ना गं?"

त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच लागलं.

मी काय करते ते सांगते. उंदराच्या मांडीच्या स्नायूपासून तयार केलेल्या पेशी मी बशीत वाढवते. प्रयोगाआधी त्यांना तीन तास उपाशी ठेवते, मग वीस मिनिटं इन्सुलिन देते. इन्सुलिन पेशीच्या पृष्ठभागावर टेकतं, आत निरोपामागून निरोप जातात, आणि पेशीच्या पोटात दडलेले ग्लुट-४ नावाचे वाहक वर येऊन साखर आत घेतात. हे वाहक आतून वर येतात ही गोष्ट १९८० साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवली. माझ्या पेशी इन्सुलिननंतर जवळपास दुप्पट साखर ओढतात. मधुमेहात तो निरोप वाटेत कुठे अडतो, ते मी शोधते आहे.

म्हणजे उपाशी पेशीला इन्सुलिन द्यायचं, हाच माझा रोजचा धंदा. बशीत साखर मी मोजून घालते. आईच्या रक्तात त्या सकाळी ती कोण घालणार होतं? चार वर्षांत एकदाही मी तिला विचारलं नव्हतं, की एकादशीला तू सुई किती घेतेस.

इथे राहण्याचं मला समर्थन करायचं नाही, तरी करते. ज्या औषधावर आई जगते ते १९२१ साली याच शहरात सापडलं. जानेवारी १९२२ मध्ये इथल्याच रुग्णालयात चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. इथली उपकरणं मला नाशिकला मिळाली नसती. पण आमच्या गटाच्या बैठकीत पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम निघालं की माझी मान ताठ होते. त्यांचा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि डॉक्टरांची २१.२. बारीक दिसणाऱ्या माझ्या आईला साखर का झाली, याचा धागा मला तिथे दिसतो.

शेजारचं दार इथे मी अजून वाजवलेलं नाही. कोण राहतं तेही माहीत नाही.

आता आईच्या डॉक्टरांनी उपासाच्या दिवसाचा डोस वेगळा लिहून दिलाय. काकूंच्या फ्रिजवर तो कागद चिकटवलाय, आमच्या नाही, कारण आई तो काढून ठेवेल. मी कालनिर्णय मागवून मोजणीच्या मशीनशेजारी टांगलंय, सगळ्या एकादश्यांना लाल गोल. माघ शुद्ध एकादशीच्या आदल्या रात्री त्या खोलीत शिरण्याआधी, साडेआठला, फोन करायचाय. तुमच्याकडे सकाळचे सात. सुई घेण्याआधी.