वाळपई ते पणजी, एका फाइलीपायी: हायकूच्या नाइटली प्रतीचा वृत्तांत

“दहा मिनिटांचं काम आहे, जेवायच्या आधी होऊन जाईल,” असे पणजीच्या स्नेह्यांनी फोनवर सांगितले आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवून शनिवारी सकाळी माझ्या जुन्या लॅपटॉपवर, लिनक्सच्या जोडीला, हायकू ही संगणकप्रणाली बसवायला बसलो. त्या दहा मिनिटांचे तीन दिवस झाले, त्यात भर पावसात वाळपईहून पणजीला एक बसफेरी पडली आणि सहाशे रुपये अकारण गेले. स्नेह्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी हायकू चालवून पाहिली होती ती आभासी यंत्रात, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या कल्पित संगणकात, खऱ्या लॅपटॉपवर नव्हे, आणि हा फरक त्यांनी मला सांगितला नाही. म्हणून तो मी येथे सर्वांत आधी सांगतो: आभासी यंत्रातील अनुभवावरून कोणी खऱ्या यंत्राविषयी सल्ला देत असेल, तर तो मानू नये.

हायकू म्हणजे नव्वदच्या दशकातील बीओएस या प्रणालीचा मुक्तस्रोत पुनर्जन्म. २००१ मध्ये बीओएस बनवणाऱ्या बी कंपनीची मालमत्ता पाम या कंपनीने विकत घेतली आणि त्याच वर्षी चाहत्यांनी ती प्रणाली नव्याने लिहायला घेतली. पहिली अल्फा, म्हणजे अगदी कच्ची चाचणी प्रत, सप्टेंबर २००९ मध्ये आली, तर पाचवी बीटा, म्हणजे त्याहून पक्की चाचणी प्रत, सप्टेंबर २०२४ मध्ये. मी मात्र बीटा न घेता नाइटली प्रत घेतली, म्हणजे विकसकांच्या ताज्या बदलांसह आपोआप तयार होणारी, कोणीही हमी न घेतलेली प्रत. ज्यांना दोष नोंदवायचे आहेत त्यांनीच नाइटली घ्यावी. नुसती ओळख करून घ्यायची असेल तर बीटा पुरेशी आहे, आणि यावर माझे मत आता बदलणार नाही.

पेनड्राइव्हवर प्रतिमा (संपूर्ण प्रणाली सामावणारी एकच फाइल) जशीच्या तशी उतरवणे, फर्मवेअरमध्ये (यंत्र सुरू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या अंगभूत सॉफ्टवेअरमध्ये) सिक्युअर बूट ही अनोळखी प्रणालींना अडवणारी सोय बंद करणे, ड्राइव्हसेटअप या हायकूच्या साधनात रिकामे पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक विभाग, हायकूच्या बी फाइल सिस्टीमने सज्ज करणे आणि इन्स्टॉलर चालवणे, एवढे सगळे खरोखरच लवकर आटोपले. लिनक्स स्वतः बसवलेल्या माणसाला त्यात काही अडणार नाही. अडते ते त्यापुढे.

आजची यंत्रे यूईएफआय पद्धतीने सुरू होतात. फर्मवेअर डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनमध्ये, जे फॅट प्रकारचे असते, सुरुवात करून देणारी छोटी फाइल शोधते आणि तिच्या हाती यंत्र सोपवते. माझ्या प्रतीतील इन्स्टॉलरने संपूर्ण प्रणाली नव्या पार्टिशनमध्ये नीट उतरवली, पण ही छोटी फाइल ईएफआय पार्टिशनमध्ये ठेवली नाही. ते काम आपण हाताने करायचे असते, हे मला पुन्हा सुरू केलेले यंत्र सरळ लिनक्समध्ये गेले तेव्हा कळले. स्नेह्यांना फोन केला. ते म्हणाले, “पेनड्राइव्हवर ‘हायकू ईएसपी’ नावाचा भाग दिसेल, त्यातलं ईएफआय फोल्डर उचल आणि तुझ्या ईएफआय पार्टिशनमध्ये टाक.” मी तसे केले. त्याच नावाची फाइल आधीपासून आहे, ती बदलायची का, असे ट्रॅकरने, म्हणजे हायकूच्या फाइली हाताळणाऱ्या प्रोग्रामने, विचारले, आणि मी होकार दिला.

त्या एका होकाराने माझे दोन दिवस गेले. ‘बूट’ फोल्डरमधील ‘बूटएक्स६४.ईएफआय’ ही फाइल म्हणजे दुसरी कोणतीच नोंद सापडली नाही तर फर्मवेअर जिच्याकडे वळते ती शेवटची वाट. माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स नेमके याच वाटेने सुरू होत असे. ती फाइल बदलली आणि लिनक्स यादीतून नाहीसे झाले. आता फक्त हायकू सुरू होत होती, आणि तिला माझ्या लॅपटॉपची वाय-फाय चिप ओळखता येत नव्हती. मुलीच्या बारावीच्या टिपणांसह सगळे काही लिनक्सच्या पार्टिशनमध्ये होते. बॅकअप आठ महिन्यांपूर्वीचा. बाहेर धो धो पाऊस, सकाळपासून वीज दोनदा गेलेली आणि लॅपटॉपची बॅटरी जेमतेम वीस मिनिटे टिकणारी.

सोमवारी पहिल्या बसने निघालो. साखळी, डिचोली करीत पणजीला पोहोचेपर्यंत मांडीवरची बॅग मी एकदाही खाली ठेवली नाही. स्नेही कामावर असल्याने आधी एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो, आणि तेथे जाऊ नये हा या वृत्तांतातील सर्वांत महत्त्वाचा सल्ला आहे. दुकानदाराने पडदा पाहिला, ही कोणती प्रणाली हे न विचारता डिस्क खराब झाल्याचे सांगितले, माहिती परत मिळवून पुन्हा फॉरमॅट करण्याचे साडेतीन हजार मागितले, आणि मी नकार देताच तपासणीचे म्हणून सहाशे रुपये घेतले. डिस्क खराब नव्हती. लिनक्सच्या पार्टिशनमधील एकही अक्षर हललेले नव्हते. हरवली होती ती फक्त एक लहानशी फाइल, आणि तपासणी झालीच असेल तर ती पडद्याकडे पाहण्यापुरती झाली होती.

संध्याकाळी स्नेह्यांच्या घरी लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हने यंत्र सुरू केले, मूळ पार्टिशन जोडून त्यात शिरलो आणि ग्रब, म्हणजे कोणती प्रणाली सुरू करायची याची यादी दाखवणारा प्रोग्राम, पुन्हा बसवला. वीस मिनिटे लागली. मग जे पहिल्या दिवशीच करायला हवे होते ते केले: ईएफआय पार्टिशनमध्ये ‘बूट’ला हात न लावता ‘हायकू’ नावाचे वेगळे फोल्डर केले, हायकूची सुरुवातीची फाइल त्यात ठेवली, आणि ग्रबच्या ‘४०_कस्टम’ या फाइलीत त्या जागेकडे वळवणारी नोंद (हिला चेनलोडर म्हणतात) घालून ग्रबची यादी नव्याने करून घेतली. आता दोन्ही प्रणाली एकाच यादीत दिसतात. मागून येणाऱ्यांनी हेच करावे, आणि त्याआधी संपूर्ण ईएफआय पार्टिशनची प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवावी. ते इतके लहान असते की प्रत घेण्याचा कंटाळा करण्याचे काहीच कारण नाही. लाइव्ह पेनड्राइव्हही आधीच तयार असावा. हे काम दुपारी तीननंतर हाती घेऊ नये, कारण थकलेला माणूस पडद्यावरचा प्रश्न वाचत नाही, नुसता होकार देतो.

आता नेटवर्कविषयी. हायकूचे वाय-फाय ड्रायव्हर मुख्यतः फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडीकडून घेतलेले आहेत, त्यामुळे आपली चिप त्या प्रणालींत चालते का, हे आधी पाहून ठेवावे. माझी चालत नव्हती. वायर जोडल्याशिवाय गत्यंतर नाही, असे मला सांगण्यात आले होते, आणि पणजीला जाण्यामागे स्नेह्यांकडची नेटवर्कची केबल हेही एक कारण होते. घरी परतल्यावर सहज म्हणून अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडला, फोनमध्ये टेदरिंग, म्हणजे फोनचे इंटरनेट यंत्राला देण्याची सोय, चालू केले, आणि काही क्षणांत हायकूला जोडणी मिळाली. ही सोय डिसेंबर २०२२ च्या चौथ्या बीटापासून आहे. त्या क्षणी झालेला आनंद मी लपवत नाही: सत्तरी तालुक्यातल्या पावसात, वीज गेलेली असताना, उरलेल्या बॅटरीवर मी पॅकेजे (हायकूचे प्रोग्राम) उतरवून घेत होतो, आणि दहा वर्षांचा तो लॅपटॉप नव्यासारखा चटपटीत चालत होता. ज्याच्याकडे फोन आणि केबल आहे त्याने नेटवर्कसाठी घराबाहेर पडू नये.

नाइटलीवर अद्ययावत करताना कधीतरी काही मोडणारच. एकदा अद्ययावत केल्यानंतर डेस्कटॉपच आला नाही. अशा वेळी यंत्र सुरू होताना स्पेस दाबून धरावा, म्हणजे हायकूची सुरुवातीची यादी उघडते, आणि तीतून पॅकेजांची आधीची स्थिती निवडता येते. मी निवडली आणि डेस्कटॉप पूर्ववत आला. इतकी सोपी माघार मी दुसऱ्या कोणत्याही प्रणालीत पाहिलेली नाही. एकदा फोनची केबल काढताना यंत्र कर्नल डीबगरमध्ये, म्हणजे प्रणाली कोसळल्यावर दिसणाऱ्या दोषशोधनाच्या पडद्यावर, गेले. घाबरून बटण दाबून ठेवू नये. ‘बीटी’ टंकून येणाऱ्या ओळींचा फोनने फोटो घ्यावा, मगच यंत्र पुन्हा सुरू करावे, आणि दोष नोंदवताना तो फोटो, प्रतीचा क्रमांक व सिसलॉग (प्रणालीने ठेवलेली घडामोडींची नोंद) तिन्ही जोडावीत. बाहेरून जोडलेला कीबोर्ड तेथे दगा देऊ शकतो, म्हणून लॅपटॉपचाच वापरावा.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी एक अडचण अजून शिल्लक आहे. हायकूच्या मूळ संपादकात मी एक मराठी फाइल उघडली, तेव्हा जोडाक्षरे सुटी पडली होती, हलन्त उघडे दिसत होते आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या अलीकडे न येता पलीकडे उभी होती. मजकूर रेखाटणारा भाग अक्षरे एकेक करून काढतो, त्यांची जुळणी करीत नाही, हे त्याचे कारण. त्यामुळे हायकू माझ्या लॅपटॉपवर राहील, मी रोज तासभर ती चालवीन आणि दोष नोंदवीन, पण हा वृत्तांत मी लिनक्समध्ये लिहिला आहे.