मशीन वाजलं म्हणून पळत आले

मेटल डिटेक्टर घेऊन फिरायचं आमचं काम सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, आजपर्यंत काय काय सापडलं? त्याला सोनं ऐकायचं असतं. माझं उत्तर पण ठरलेलंय. झाकणं. बिडाची झाकणं.

म्हणजे कसं, पाण्याच्या लाईनवर जागोजागी व्हॉल्व्हचे चेंबर असतात. रस्ता करणारे येतात आणि झाकण उचलून वर घ्यायचा कंटाळा म्हणून त्याच्यावरनंच डांबर ओढून मोकळे होतात, शेतातनं गेलेली लाईन असली तर ट्रॅक्टरवाला बांध सरकवतो आणि चेंबर मातीत जातो. मग दहा वर्षांनी लाईन फुटते, चावीवाले मामा हातात चावी घेऊन उभे, आणि चावी लावायची कुठं ते कुणालाच माहीत नाही. तेव्हा ठेकेदार आम्हाला फोन करतो. मी, मेटल डिटेक्टर, एक पहार, एक टोकदार गज आणि आमचा पोऱ्या. पोऱ्या सोलापूरच्या पूर्व भागातला, घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि शिव्या दोन्हीत.

हा किस्सा मोहोळच्या बाजूचा आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं कळेल. उजनीहून सोलापूरला येणारी शंभरावर किलोमीटरची मोठी लाईन ती ही नव्हे, ही खेड्यांची जुनी योजना, एसी पाईपची. एसी म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंट. त्यात लोखंड नाही, त्यामुळं नुसत्या पाईपवर मशीन मुकं. पण दोन पाईप जोडायला बिडाचे जॉइंट वापरायचे, त्यामुळं मशीनला मोठी कॉईल, म्हणजे खालची तबकडी, लावून सावकाश चाललं की दर चार-पाच मीटरवर एक दबका आवाज येतो, मग पुढचे चार-पाच मीटर शांत, मग परत. ते अंतर एकदा पायात बसलं की लाईन जमिनीखालनं चालताना दिसायला लागते. हे मी फुशारकी म्हणून सांगतोय, होय. ठेकेदाराच्या ड्रॉइंगमध्ये लाईन बांधाच्या डावीकडं होती, प्रत्यक्षात उजवीकडं निघाली. ही ड्रॉइंगं लाईन टाकल्यावर ऑफिसात बसून काढलेली असतात असं माझं मत झालंय.

आपल्याकडची जमीन पण मशीनचा जीव खाते. सगळा काळा दगड, त्या दगडात मॅग्नेटाइट, त्याचाच मुरूम आणि त्याचीच काळी माती झालेली, म्हणजे माती स्वतःच थोडी लोखंडी. परदेशातल्या व्हिडिओत बघून कुणी मशीन मागवलं आणि तसंच मुरमावर फिरवलं तर ते सारखं किंचाळत राहतं. आधी ग्राउंड बॅलन्स करायचा, कॉईल जमिनीजवळ खालीवर खालीवर करत बसायचं, जमिनीचा आवाज सपाट होईपर्यंत. आणि शेत बदललं, पाणी दिलेलं रान आलं की परत पहिल्यापासून. त्यातनं पण बैलाच्या पत्र्या, खिळे, गुटख्याच्या पुड्या, क्वार्टरची बुचं हे सगळं वाजणारच. उसाचं रान असलं तर बुचं जास्तच.

बाकी धोके म्हणाल तर लोक विचारतात तेवढा साप काही रोज भेटत नाही, पण चेंबरचं झाकण उचलताना पहारीनं लांबनं उचलायचं, बोटं घालायची नाहीत, कारण आतल्या गारव्याला घोणस येऊन बसते. एअर व्हॉल्व्हच्या चेंबरात गांधीलमाशा. कठडा नसलेल्या, झुडपात लपलेल्या जुन्या विहिरी, त्या सगळ्यात वाईट, कारण माणूस कॉईलकडं बघत मागं मागं सरकत असतो आणि कानात हेडफोन असतो. खोल चेंबरात तर एकट्यानं उतरायचंच नाही, आत हवा नसते. हे सगळं आम्हाला पाठ आहे.

आणि गर्दी. तिची मला सगळ्यात जास्त धास्ती, पण लोकांना ते सांगितलं की हसतात. डिटेक्टर घेऊन शेतात उभं राहा, अर्ध्या तासात दहा माणसं येतात. पहिला गप्प बघतो, दुसरा विचारतो, "काय हुडकायलाव ओ मालक?" पाण्याची लाईन म्हटलं की दोघं एकमेकाकडं बघून हसतात. तिसरा बाजूला घेऊन सांगतो आमच्या वाड्यात एकदा बघा की, आजोबा म्हणायचे भिंतीत काहीतरी हाय. मी कायदा सांगून बघतो. 1878 चा कायदा आहे, दहा रुपयांच्या वरचं काही जमिनीत सापडलं तरी कलेक्टरला कळवावं लागतं, आणि गुप्तधनासाठी पूजा, अघोरी असलं काही केलं तर 2013 चा जादूटोण्याचा कायदा वेगळा. त्यावर एकानं मला शांतपणे विचारलं होतं, "म्हणजे सापडतंय तर."

तर त्या दिवशी एप्रिलचं ऊन, बारा वाजून गेलेले. जॉइंट नीट लागत लागत एका उसाच्या बांधापाशी आलो आणि दोन जॉइंटनंतर पुढचा लागेना. स्कावर व्हॉल्व्ह, म्हणजे लाईनीतला गाळ धुवून बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह, तिथंच कुठंतरी असणार होता, लाईन तिथं सगळ्यात सखल होती. शेताचा मालक मोहोळला गेलेला. त्याचे वडील लिंबाखाली बाजेवर. माणसं चांगली, सकाळी चहा दिला, आमच्या कडक भाकरीबरोबर घरची शेंगा चटणी दिली. मागं गावातली पंधरा-वीस माणसं, शाळेला सुट्टी असल्यासारखी पोरं पण.

मी बांधालगत कॉईल फिरवत होतो आणि एकदम हेडफोनमध्ये कचाकचा सुरू झालं. टोन नाही, नुसतं तुटक तुटक खरखरणं. त्याच वेळी विहिरीवरची मोटर सुरू झाल्याचा आवाज आला, म्हणजे थ्री फेज लाईट आली. मोटरीला ऑटो असतो, लाईट आली की ती आपली आपण चालू होते. मला वाटलं मोटरीचा त्रास.

आता इथं काय करायचं असतं ते सांगतो, कारण माझ्या डोक्यात अजून तेच फिरतंय. असा विजेचा कचरा आला की सेन्सिटिव्हिटी कमी करायची किंवा फ्रिक्वेन्सी सरकवायची आणि मशीन गप्प करायचं. सगळे हेच शिकवतात, मी पण नव्या पोरांना हेच शिकवतो. मी ते त्या दिवशी केलं नाही त्याचं कारण शहाणपण नव्हे. सेन्सिटिव्हिटी कमी केली की खोली जाते, म्हणजे खोलवरचं वाजत नाही, आणि मला तो जॉइंट तीन फूट खोल असल्याचा संशय होता. खोली घालवायची नव्हती, एवढंच.

म्हणून मी दुसरी गोष्ट केली, कॉईल उचलून हवेत धरली. जमिनीतली वस्तू असेल तर कॉईल वर गेली की आवाज जातो. हा गेला नाही. मग कॉईल उभी धरून फिरवली, विहिरीकडं केली तर आवाज कमी, उसाकडं केली तर वाढला. मोटर विहिरीवर आणि खरखर उसात, हे काही जुळेना. दोन पावलं उसाकडं टाकली, अजून वाढली. आणि तेवढ्यात दिसलं, उसाच्या कडेला गुडघ्याएवढ्या काठ्या, काठीवर सायकलच्या ट्यूबचा कापलेला तुकडा, आणि त्याच्यावरनं गेलेली बाइंडिंगची उघडी तार. ट्यूबचा तुकडा बघितला आणि कळलं. रबर करंट अडवतं, नुसतं कुंपण करणारा माणूस काठीला ट्यूब कशाला गुंडाळेल?

रानडुकरासाठी लावतात. सौरवाली झटका मशीन वेगळी, ती थांबून थांबून झटका मारते, जनावर पळून जातं, मरत नाही. तिच्याजवळ डिटेक्टर नेला तर ठराविक अंतरानं टिक टिक ऐकू येतं. हे टिक टिक नव्हतं, सलग होतं. सरळ मोटरीच्या पेटीतनं एक फेज काढून तारेला जोडलेला. उसाची ओली पानं तारेला घासत होती, तिथं करंट गळत असणार, म्हणून मशीनला एवढा ऐकू आला. शेजारच्याचं पाणी फुटून बांध चिखल झालेला.

आणि पोऱ्या लघवीला म्हणून त्याच उसाकडं निघालेला. चप्पल हातात, चिखल म्हणून.

मी बोंबललो, "थांब बे! हलू नको!" तो थांबला. तारेपासून दोन हात असेल. तो थांबला ह्याचं श्रेय त्याला, दुसरा असता तर काय झालं म्हणून विचारत पुढं आला असता.

पण मागचे थांबले नाहीत. त्यांनी काय बघितलं? मशीनवाला बराच वेळ एका जागी घुटमळला, कॉईल वर केली, उसाकडं दोन पावलं गेला आणि ओरडला. घावलं! सगळे पळत सुटले, उसाकडं. पोरं पुढं. मी हात आडवे करून ओरडतोय करंट हाय, तारंत करंट हाय, मागं व्हा, आणि एक जण पळता पळता हसून म्हणतो, "आता करंट का? राहू द्या मालक, आमाला बी बघू द्या." त्यांना वाटलं मी त्यांना हाकलायलोय. मशीन सोन्यासाठी वाजतं ह्याच्यावर त्या सगळ्यांचा विश्वास, करंटसाठी वाजतं म्हटलं तर एकाचाही नाही.

मी मशीन टाकलं आणि पुढच्या दोन पोरांच्या बखोट्याला धरून मागं ओढलं, त्यातला एक मला चावला. पोऱ्या तिथनंच तेलुगूत काहीतरी किंचाळला, ते कुणाला समजलं नाही पण त्याचा चेहरा बघून पुढचे चार-पाच जण दचकून उभे राहिले.

आणि ह्या सगळ्यात एकच माणूस उलट्या दिशेनं गेला. म्हातारा. करंट हा शब्द कानावर पडल्याबरोबर तो बाजेवरनं उठला आणि काठी न घेता विहिरीकडं निघाला, आणि पेटीचा दांडा खाली ओढला. माझ्या गळ्यातल्या हेडफोनमधली खरखर कापल्यासारखी बंद झाली. त्याला काय सांगावं लागलं नाही, कुठली तार, कुठं, काही विचारलं नाही. म्हणजे त्याला माहीत होतं. सकाळपासून आम्ही त्याच बांधावर फिरत होतो आणि त्याला माहीत होतं.

संध्याकाळी मालक आला, आधी चिडला, मग रडवेला झाला. त्याचं म्हणणं असं की ह्या भागाला आठवडाभर रात्रीची लाईट होती. रात्रीची लाईट म्हणजे दिवसा थ्री फेज नाही, तार आपोआप मेलेली, म्हणून तो फेज सोडवायचा कंटाळा करायचा. त्या दिवसापासनं पाळी बदलून दिवसाची झाली. ते तो विसरला, आणि म्हाताऱ्याला पाळीचं कळत नाही. खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. डुकरांनी गेल्या साली त्याचा निम्मा ऊस लोळवला होता, भरपाईसाठी पंचनामा करायला यायला लावायचं म्हणजे किती खेटे, हे त्यानं सांगितलं आणि ते खरंच असतं. पण अशा तारेला चिकटून माणूस मेला की सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो हेही खरं, आणि असं मरणारा बहुतेक वेळा शेजारीच असतो, नाहीतर घरातलाच कुणी.

वायरमनला फोन केला तर म्हणाला, "एकाचं काय सांगता, सगळ्यांचंच हाय." ठेकेदार म्हणाला रिपोर्टमध्ये लिहू नका, काम अडकेल. मी लिहिलं, पण "विजेच्या अडथळ्यामुळे काम थांबले" एवढंच. तार माझ्यासमोर गुंडाळून घेतली, फोटो काढून ठेवले. माझे मेहुणे पोलिसात आहेत, ते म्हणतात तक्रार द्यायला पाहिजे होती. चावीवाले मामा म्हणतात, दिली असती तर त्या पट्ट्यात परत पाय ठेवू दिला नसता कुणी, आणि तार महिन्याभरात परत लागली असती. दोघांचंही पटतं, म्हणून तर ठरत नाही. हेल्परांचा विमा काढा म्हणून ठेकेदाराला सांगितलंय, बघू म्हणाला. बघू म्हणजे नाही.

व्हॉल्व्ह दुसऱ्या दिवशी सापडला. तारेची एक काठी ठोकली होती तिच्यापासून हातभर आत, दीड फूट मातीखाली. झाकण शाबूत.

पोऱ्या परत त्या बाजूला यायला तयार आहे, त्याच्या आईचा नकार आहे. आणि गेल्या आठवड्यात त्या शेतमालकाचा फोन आला. खुरपताना बायकोचं जोडवं रानात पडलंय, मशीन घेऊन येता का, गाडीभाडं देतो. मी म्हटलं येतो, पण मी शेतात असेपर्यंत डीपीचे फ्यूज काढून माझ्या खिशात पाहिजेत. तर म्हणतो, "मालक, त्या डीपीवर अकरा जणांच्या मोटरी हायत, बाकीच्यांना काय सांगू?"