संत्र्याच्या सालीची चॉकलेट-टॉफी

आमच्या वरुड तालुक्यात आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर येणारी संत्री निघाली की घरात सालींचा ढीग पडतो. मी त्या दोनदा उकळून पाणी फेकते, म्हणजे कडूपणा जातो. मग पाकात शिजवून वाळवते. या टॉफीत मला बाजारच्या टुटीफ्रुटीपेक्षा हीच साल हवी.

तळासाठी 200 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम लोणी आणि 50 ग्रॅम पिठीसाखर चोळून केकच्या डब्यात घट्ट दाबायचं. विजेच्या लाइनीचा भरवसा नाही, म्हणून मी ओव्हनऐवजी जाड कढईत मीठ तापवून, वर झाकण ठेवून भाजते. कडा सोनेरी व्हायला अर्धा तास तरी लागतो.

खरं काम टॉफीचं. 100 ग्रॅम लोणी, तेवढीच साखर, 400 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क आणि मंद आच. सराटा थांबला की दूध बुडाला लागलंच. यंदा फोन घ्यायला वळले आणि पहिला घाणा करपला. फार जिवाला लागलं. मिश्रण कडा सोडू लागलं, गुळासारखा रंग आला, की भाजलेले फल्लीदाणे, चारोळी, मनुका आणि साली मिसळून तळावर पसरते.

वरून 200 ग्रॅम चॉकलेट, गरम पाण्याच्या गंजावर वितळवलेलं. त्यात पाण्याचा थेंबही पडू देऊ नका, लगेच रवाळ होऊन घट्ट होतं. आणि हे थंडीतच करा. चॉकलेट 34 अंशांच्या आसपास वितळतं, आमचा मे महिना तर 45 पर्यंत जातो.

सुरी गरम पाण्यात बुडवून, कोरडी पुसून कापा. कडेचा कडक तुकडा सासूबाईंचा, तो आधी काढून ठेवते.