पावसाळ्यात टोल्युइनची घनता मोजताना : माझा अनुभव

जुलैमध्ये रबाळ्याच्या एमआयडीसीत डेन्सिटी बॉटलचा (द्रवाची घनता वजनावरून काढायची, बारीक भोकाच्या बुचाची काचेची बाटली) आकडा हलायला लागला की पहिला संशय बॅलन्सवर, म्हणजे वजनकाट्यावर, जातो. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा तापमानाचा निघतो. टोल्युइन या द्रावकाची घनता २० अंशांना ०.८६६९, तर २५ अंशांना ०.८६२३ (ग्रॅम प्रति मिली). म्हणजे एका अंशाला जवळजवळ ०.०००९ चा फरक. चौथ्या दशांशाची हमी हवी, तर बाथ (बाटली ठरावीक तापमानाला आणायचं पाण्याचं भांडं) ०.१ अंशाच्या आत स्थिर पाहिजे.

मी २५ अंशच धरतो. बाथ २० वर लावला आणि खोलीत २७ अंश, ७५ टक्के आर्द्रता असली, तर दवबिंदू येतो २२ च्या आसपास. बाटली बाहेर काढताच काचेवर दव धरतं आणि पुसेपुसेपर्यंत पुन्हा धरतं. २५ मिलीच्या बाटलीवर २० मिलिग्रॅम दव राहिलं, तरी घनता ०.०००८ ने वर जाते. दुसरा घोळ याहून मोठा: गार बाटली खोलीत तापते, द्रव फुगतो आणि बुचाच्या बारीक भोकातून वर येतो. सात अंशांत जवळपास ०.१९ मिली! ते पुसलं किंवा उडून गेलं, की वजन गेलंच. म्हणून एसी लावून खोली बाथपेक्षा एक-दोन अंश गार ठेवायची. मग द्रव भोकात थोडा खाली उतरतो, बाहेर येत नाही.

बाटलीवरचं ‘२५ मिली’ हे नुसतं नाव. खरं आकारमान पाण्याने काढायचं. डिस्टिल्ड वॉटर उकळून, झाकून गार केलेलं. अंगाला चिकटलेला ३ मिलिमीटरचा एक बुडबुडासुद्धा १४ मिलिग्रॅम पाणी खातो. बाटली आणि बूच यांच्यावर एकच नंबर असतो, तो जुळतोय ना ते बघा. धुण्याच्या ट्रेमध्ये बुचांची अदलाबदल हमखास होते.

पाण्यानंतर दोनदा अ‍ॅसिटोन, मग कोरडी हवा. कॉम्प्रेसरची हवा नको, तिच्यात तेल येतं. गरम ओव्हनही नको. पाण्याचा थेंब राहिला तर टोल्युइनमध्ये तो मिसळत नाही, तळाला मोत्यासारखा बसतो. टोल्युइन भरायचं ते हुडमध्ये (वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात), जवळपास ज्योत नसताना.

बाटली मानेपर्यंत बाथमध्ये अर्धा तास. बुचावरचा थेंब बाथमध्ये असतानाच टिपून घ्यायचा, पण टिपकागद भोकावर दाबायचा नाही, तो आतला द्रव ओढून घेतो. मग मानेला धरून काढायची, कारण तळहाताची ऊबही पुरते. बाहेरून पुसून लगेच वजन.

आकडे असे: रिकामी बाटली २२.४१३६ ग्रॅम, पाण्यासह ४७.२८७१, टोल्युइनसह ४३.९२१४. म्हणजे पाणी २४.८७३५ आणि टोल्युइन २१.५०७८. टोल्युइन भागिले पाणी हे गुणोत्तर पाण्याच्या २५ अंशांच्या घनतेने, म्हणजे ०.९९७०५ ने, गुणलं की ०.८६२१ येतं. इथेच बरेच जण थांबतात. हवेची उचल (हवा वस्तूला किंचित वर ढकलते, म्हणून वजन कमी दिसतं) धरायची तर ०.९९७०५ मधून हवेची घनता ०.००१२ वजा करून गुणायचं आणि शेवटी ०.००१२ मिळवायचे. उत्तर येतं ०.८६२३. ग्राहकाच्या पद्धतीत ‘हवेतलं वजन’ असं लिहिलेलं असेल, तर मात्र ही दुरुस्ती करू नका.

दोन वाचनांत ०.०००३ पेक्षा जास्त फरक पडला तर मी सरासरी काढत नाही, बाटली पुन्हा भरतो.