कुणाचा टाळ वाजतोय?

अण्णांची वारी दरवर्षी सासवडलाच संपायची. अण्णा म्हणजे माझे सासरे. आळंदीला प्रस्थान, पुण्यातला मुक्काम, मग दिवेघाट चढून सासवड, तिथे माऊलींच्या तंबूत डोकं टेकवायचं, सोपानकाकांचं दर्शन घ्यायचं आणि मिळेल त्या एसटीने परत भोसरीला कारखान्यात. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "माझी वारी पगाराच्या तारखेपर्यंत." सात तारखेला पगार म्हणजे सात तारखेलाच, आणि चेकवर सह्या करायला ते स्वतः हजर पाहिजेत. ज्या वर्षी सात तारीख आड येत नव्हती त्या वर्षी दुसरं काहीतरी यायचंच, कस्टमरचं ऑडिट, नाहीतर कुणा कामगाराच्या पोराची डिप्लोमाची अॅडमिशन, आणि त्याला कॉलेजात सोबत नेणार कोण तर अण्णा.

दिवाळीनंतर अण्णा गेले. जूनमध्ये मी घरी सांगितलं की मी चालणार आहे, पंढरपूरपर्यंत. नवरा म्हणाला जा, पोरांचं मी बघतो. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, फक्त अण्णांची तुळशीची माळ काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, गळ्यात घालायची असेल तर पुढचं सगळं पाळायचं, नाहीतर पिशवीत ठेव. मी घातली.

दिंडी त्यांच्याच ओळखीची, रथामागची. विणेकरी बाबांनी मला बघितलं आणि "आता पुढे जायचं बरं का माऊली, सासवडला वळायचं नाही," एवढंच बोलले.

पुण्यातून बाहेर पडेपर्यंत माझी चिडचिडच जास्त झाली. एका दिवसासाठी पांढरे कपडे घालून आलेली गर्दी, तुळस घेतलेल्या आजीला थांबवून थांबवून काढलेले फोटो, आणि त्या आजीबाई प्रत्येक वेळी थांबायच्या हो, कुणाला नाही म्हणायच्या नाहीत. वाटेत बिस्किटं वाटणारे चांगल्या मनाने वाटत होते पण खाली रस्ताभर प्लास्टिक. रात्री राहुटीत जागेवरून कुरबूर, पहाटे आंघोळीच्या टँकरवर कुरबूर. आणि मग पखवाज सुरू झाला, पावली सुरू झाली की ज्या बाईने रात्री माझी चटई सरकवली होती तीच माझा हात धरून फुगडी घालायला ओढायची, आणि मी जायचे.

दिवेघाट चढले. जेजुरीला भंडारा उधळला. वाल्ह्यानंतर नीरा स्नान डोळे भरून पाहिलं. दिवसांचा हिशोब कधी सुटला कळलं नाही, तिसऱ्या तुतारीला चालायला लागायचं आणि संध्याकाळी मुक्कामाच्या समाजआरतीला थांबायचं.

फक्त सात तारीख लक्षात होती कारण आता कंपनीच्या अकाउंटवर सही माझी चालते. त्या दिवशी आम्ही लोणंदला होतो. एवढी लाखो माणसं एका गावात, नेटवर्क कुठलं मिळतंय, पगाराची फाइल अप्रूव्ह करायची तर ओटीपीच येईना. बाजूच्या घरातल्या वहिनींना विचारलं गच्चीवर जाऊ का, त्या म्हणाल्या जा की, आणि वर चहा पाठवला. गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून, फोन हातभर उंच धरून मी दोनेकशे माणसांचे पगार सोडले. खाली कुठल्यातरी दिंडीचा हरिपाठ चालला होता. शेवटचा मेसेज आला तेव्हा मी अण्णांना मोठ्याने म्हटलं, झाले पगार. कुणी ऐकलं असेल तर असो.

आता मला जे खरं लिहायचंय त्याच्याकडे येते. अण्णा साताऱ्याकडच्या एका लहान गावातून आले, भाड्याच्या शेडमध्ये एक जुना लेथ घेऊन सुरुवात केली, गाड्यांचे पार्ट्स करता करता कारखाना वाढला, हे सगळं शोकसभेत दहा लोकांनी सांगितलं. उद्योजक, समाजसेवक, कुटुंबवत्सल, असं सगळं बॅनरवर पण होतं. ते खोटं नाही. पण मी त्या घरात सून म्हणून गेले तेव्हा मला बॅलन्स शीट वाचायला त्यांनी शिकवलं, रोज रात्री जेवण झाल्यावर डायनिंग टेबल पुसून, चष्मा लावून, अर्धा तास. माझी सीएची शेवटची परीक्षा होती तेव्हा धाकटा आठ महिन्यांचा होता. अण्णा त्याला घेऊन सेंटरच्या बाहेर झाडाखाली बसून राहिले, प्रत्येक पेपरला, दुधाची बाटली आणि झबली पिशवीत. मधेच फॅक्टरीतून फोन आला की हळू आवाजात बोलायचे, पोर उठेल म्हणून. तिथे उभ्या असलेल्या बायका मला नंतर म्हणाल्या, वडील का तुमचे? मी हो म्हणाले.

फलटण मागे पडलं, बरड मागे पडलं आणि नातेपुत्याच्या वाटेवर माझ्या पायाने जवाब दिला. आधी डाव्या टाचेला फोड होता, त्याला चुकवत चालले तर उजव्या चवड्याला आला. रस्ता आता रुंद झालाय, काँक्रीटचा, वाहनांना उत्तम असेल, पण चालणाऱ्याच्या तळव्याला विचारा. जुनी झाडं तोडली गेली रुंदीकरणात, सावलीला थांबायचं म्हटलं तर एखादी टपरी नाहीतर उभ्या ट्रकची बाजू. पावसाचं नाव नाही. धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागला, स्वागताच्या कमानी, स्पीकर, आणि मला फक्त बसायचं होतं. दिंडी पुढे गेली. मी एका पाइपावर बसले आणि मला एकदम अण्णांचा राग आला. असा राग की हात थरथरायला लागले.

२००८-०९ च्या मंदीत ऑर्डरी निम्म्यावर आल्या होत्या. बाजूच्या शेड बंद पडत होत्या. अण्णांनी एकही माणूस कमी केला नाही. पगार कसे झाले तर आम्ही राहतो तो फ्लॅट गहाण टाकला. सासूबाईंना विचारलं, मुलाला सांगितलं, मला ना विचारलं ना सांगितलं. बँकेची नोटीस दारावर घेऊन आलेल्या माणसाकडून मला कळलं, कडेवर मूल होतं माझ्या. फ्लॅट सुटला दोन वर्षांनी, सगळं ठीक झालं, अण्णांनी नंतर माझा हात हातात घेऊन सांगितलंही की तुला सांगायला हवं होतं. पण कुटुंबवत्सल हा शब्द बॅनरवर वाचला तेव्हा मला ती दुपारच आठवली होती आणि शोकसभेत ते कुणाला सांगणार.

"ए बाई, असं बसून कसं व्हईल?"

परभणीकडची होती. साठीच्या पुढची, हिरवं लुगडं, डोक्यावर गाठोडं. तिची दिंडी पण पुढे गेलेली, तिला घाई दिसत नव्हती. गाठोडं खाली ठेवलं, माझ्यासमोर मातीत बसकण मारली आणि माझा पाय उचलून सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला. मी ओढून घ्यायला लागले, मोठ्या माणसाच्या मांडीवर पाय कसा ठेवायचा, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. माऊलीचाच पाय हाय."

कमरेच्या चंचीतून सुई काढली, जाड पांढरा दोरा ओवला, काडी पेटवून सुई धरली. फोडाच्या एका कडेने आत, दुसऱ्या कडेने बाहेर, आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. "दोरा काढायचा न्हाई. पाणी त्याच्यानं भाईर येतंय. कातडं ओढलंस तर बघ." मग दुसरा पाय. खोबरेल, त्यात हळद, बोटाने हळूहळू लावली. हात एवढे खरबरीत की तेल असून जाणवत होते.

"कुणासाठी चाललीस?"

म्हटलं सासरे गेले.

"नवऱ्याचा बाप?" तिने वर बघितलं. "लई जीव हुता?"

मी हो म्हणाले आणि मग म्हणाले, राग पण आहे. का सांगितलं माहीत नाही. फ्लॅटचं सांगितलं, नोटीस, कडेवरचं मूल, सगळं एका दमात, अनोळखी बाईला, रस्त्याच्या कडेला. ती माझ्या पायाला लुगड्याची जुनी चिंधी बांधत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "आमच्या ह्यानं बैल इकला हुता भावाच्या पोरीच्या लग्नाला. मला इचारलं न्हाई. मी दोन म्हैने बोलले न्हाई त्यांच्यासंगं." मग गाठ मारली. "मानसं चांगली असत्यात, आन् आपल्याला इचारत न्हाईत." आणि लगेच, "रडायचं आसंल तर रड आत्ता, मला चिवडा खायचाय तोवर. मंग उठायचं."

मी रडले. तिने खरंच चिवडा काढून खाल्ला, अर्धा मला दिला. वाऱ्याने धूळ उडत होती. एका पोराने मागून येऊन विचारलं, आजी पाणी आहे का, तिने बाटली दिली, राहिलेलं पाणी त्याला संपवू दिलं. मग उठली, गाठोडं डोक्यावर घेतलं, माझी पिशवी पण खांद्याला अडकवली आणि नातेपुते येईपर्यंत परत दिली नाही. वाटेत तिने एकही उपदेश केला नाही, फक्त तिच्या सुनेच्या तक्रारी सांगितल्या आणि त्यातल्या दोनतीन मला सुनेच्या बाजूने बरोबर वाटल्या, तसं मी तिला सांगितलंही. "तू बी सूनच," म्हणाली आणि हसली. मुक्कामाला गर्दीत ती तिच्या दिंडीकडे वळली. नाव विचारायचं राहिलं, माऊली म्हणूनच दोघी बोललो.

माळशिरस, खुडूस, वेळापूरचा धावा. धाव्यात मी त्या चिंधीसकट पळाले.

आणि मग ती समाजआरती. आपल्याला माहीतच आहे, सगळ्या दिंड्या गोल उभ्या, चोपदारांनी दंड उंच केला की हजारो टाळ एका क्षणात गप्प. ज्या दिंडीची काही तक्रार असते ती मात्र टाळ थांबवत नाही. तोपर्यंत आरती नाही. हैबतबाबांनी १८३२ च्या सुमारास सोहळ्याला शिस्त लावली, ते शिंदे सरकारच्या पदरचे सरदार, अण्णा त्यांच्याबद्दल फार प्रेमाने बोलायचे. म्हणायचे, एवढ्या लाखो लोकांना नोटीस बोर्ड लागत नाही, मॅनेजर लागत नाही, पण नाराज माणसाला सगळ्यांसमोर आवाज करायचा हक्क आहे आणि त्याचं ऐकेपर्यंत देव पण थांबतो. कारखान्यात महिन्याच्या पहिल्या शनिवारी सगळ्यांना शेडमध्ये उभं करायचे आणि पहिला प्रश्न हाच, "कुणाचा टाळ वाजतोय?" टार्गेटबिर्गेट नंतर. पहिल्यांदा माणसं लाजायची म्हणे. नंतर जाम बोलायला लागली. कँटीनच्या डाळीपासून सुपरवायझरच्या शिवीपर्यंत. एकदा एका हेल्परने अण्णांचीच तक्रार केली, तुम्ही मशीनजवळून जाताना आम्हाला बघून मान हलवत नाही हल्ली. तेव्हापासून अण्णा प्रत्येक मशीनपाशी थांबायचे, राउंडला दुप्पट वेळ लागायचा.

त्या संध्याकाळी उजवीकडच्या एका दिंडीचा टाळ वाजतच राहिला. दंड वर, सगळीकडे शांत, आणि तेवढाच तो टाळ. माझे पाय ठणकत होते, भूक लागली होती, पुढचा एकजण पुटपुटला, काय कटकट आहे ह्यांची. मागची बाई त्याला म्हणाली, असतील हाल झाले त्यांचे, थांबा की जरा. चोपदार गेले, ऐकून घेतलं. नंतर कळलं, चालताना कुणीतरी त्यांच्या क्रमाच्या मधे घुसलं होतं. चोपदार बोलले, टाळ थांबला, आरती झाली. मी २०२० आठवत होते. पादुका एसटीने गेल्या होत्या त्या वर्षी, फुलांनी सजवलेली बस टीव्हीवर दिसत होती आणि अण्णा हॉलमध्ये हात जोडून उभे, किती वेळ, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. कारखाना बंद होता तेव्हा. रोज संध्याकाळी एकेका कामगाराला फोन लावायचे आणि घरात कुणाचं काय चाललंय ते विचारायचे, वहीत नावासमोर टिक करत.

वाखरीला रिंगण. पंढरपुरात चंद्रभागेत उतरले, कळसाला हात जोडले. रांगेत उभं राहायची ताकद नव्हती.

घरी आल्यावरचा पहिला शनिवार. अण्णा गेल्यापासून ती मीटिंग होत होती पण तो प्रश्न कुणी विचारत नव्हतं, मीही नाही, नवराही नाही, तो त्यांचाच असं वाटायचं. ह्यावेळी मी पुढे उभी राहिले, पायाच्या पट्ट्या अजून होत्या, आणि विचारलं, कुणाचा टाळ वाजतोय. थोडा वेळ सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग ग्राइंडिंगचे जुने ऑपरेटर काका म्हणाले, "ताई, आमच्याकडचा एक्झॉस्ट फॅन पंधरा दिवस झाले बंद पडलाय, सगळी धूळ नाकात जाते." मग सीएनसीवरचा पोरगा बोलला, मग पॅकिंगच्या बायका, रात्रीच्या शिफ्टला सोडायला येणारी गाडी लांब थांबते म्हणून. दीड तास चाललं. इलेक्ट्रिशियन दुपारीच आला, गाडीवाल्याशी सोमवारी बोलायचंय.