विरजण न लावता आंबलेली बिअर आणि आईचा कुरडईचा गहू

दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, ब्रसेल्सला असतो. जानेवारीत सांगलीला आला तेव्हा बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळून लँबिक नावाच्या बेल्जियन बिअरच्या पाच बाटल्या घेऊन आला, पाचच का तर बाहेरून येताना माणशी दोन लिटरच दारू आणता येते आणि या बाटल्या ३७५ मिलीच्या, पाच झाल्या की १८७५ मिली, हिशोब करूनच भरल्या होत्या त्यानं. दोन बून कंपनीच्या ग्यूझ (मिसळलेली लँबिक), आणि कांतियों ब्रुअरीची एक ग्यूझ, एक क्रीक (चेरीची), एक रोझे द गाम्ब्रिनुस (रास्पबेरीची). मी या बाटल्यांची कितीतरी दिवस वाट बघत होतो.

लँबिक मी आधी एकदाच प्यायलो होतो, पुण्यात एका मित्राकडं, रास्पबेरीची होती आणि इतकी गोड की सरबतात सोडा घातल्यासारखी. ती प्यायल्यावर मला वाटलं होतं फ्रूट लँबिक म्हणजे हेच, आणि मी तो विषय तिथंच सोडला होता. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की त्या प्रकारात शेवटी साखर किंवा ज्यूस घालून गोड करतात, आणि जुन्या पद्धतीची जी असते ती अजिबात गोड नसते. तुम्ही कधी विकत घ्यायला गेलात तर लेबलवर ‘औदे’ हा शब्द शोधा, फ्लेमिश भाषेत त्याचा अर्थ जुनी. औदे ग्यूझ, औदे क्रीक असं लिहिलेलं असलं की ती बिनसाखरेची, पारंपरिक पद्धतीची, हे नाव युरोपात नियमानं राखलेलं आहे. कांतियोंच्या बाटलीवर हा शब्द दिसेलच असं नाही पण ते लोक ग्यूझ आणि फळांची बिअर गोड करत नाहीत.

आता ही बिअर वेगळी का, ते माझ्या भाषेत सांगतो. आपण दुधाला विरजण लावतो, तसं जगातली जवळपास सगळी बिअर म्हणजे विरजण लावलेली असते, कंपनी स्वतःचं यीस्ट सांभाळून ठेवते आणि मोजून घालते. लँबिकला कुणी विरजणच लावत नाही. बार्लीचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, आणि त्यात साधारण तिसरा हिस्सा कच्चा गहू, म्हणजे मोड न आणलेला, याचा रस काढून तो तासन् तास उकळतात आणि मग रात्री एका मोठ्या उथळ भांड्यात ओततात. कांतियोंचं ते भांडं तांब्याचं आहे, वर कौलाखालच्या माळ्यावर. आपल्या गुऱ्हाळावरची काहील डोळ्यासमोर आणा, पण त्याहून खूप पसरट आणि उथळ. खिडक्या उघड्या, रात्रभर थंड हवा त्यावरून फिरते, आणि हवेत, लाकडात, भिंतीत जे काही जिवाणू आणि यीस्ट आहेत ते आपसूक त्यात उतरतात. सकाळी रस २० डिग्रीच्या आसपास आला की लाकडी पिंपात. म्हणूनच हे काम फक्त थंडीच्या महिन्यांत, ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. उन्हाळ्यात रात्रभरात रस पुरेसा थंड होत नाही आणि नको ते जिवाणू वाढतात. हॉप्स, म्हणजे बिअरमध्ये घालतात ती कडू फुलं, तीपण मुद्दाम दोन-तीन वर्षं जुनी घालतात, कारण त्यांना कडूपणा नको असतो, फक्त रस नासू नये एवढंच काम हॉप्सकडून हवं असतं.

दादा कांतियोंमध्ये दोनदा जाऊन आलाय. १९०० साली सुरू झालेली ब्रुअरी, ब्रसेल्सच्या आंदरलेख्त भागात, आणि आत म्युझियमसारखं फिरता येतं. तो सांगत होता की पिंपांवर कोळ्यांची जाळी असतात आणि ती कुणी काढत नाही, कारण फळांच्या मोसमात चिलटं येतात आणि कोळी ती खातात. मला हे फार आवडलं. आमच्या आजीच्या धान्याच्या खोलीतसुद्धा पाल मारायची नाही असा नियम होता.

तर आमची बैठक सांगलीतल्या विश्रामबागच्या घरी गच्चीवर बसली, दादा, मी आणि तासगावचा माझा मित्र, ज्याची द्राक्षबाग आहे. बाटल्या फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवल्या, कारण फार गार असेल तर वासच कळत नाही.

पहिली बूनची ग्यूझ. ग्यूझ म्हणजे एक, दोन आणि तीन वर्षांची लँबिक एकत्र करून बाटलीत भरतात, कोवळ्या बिअरमध्ये थोडी साखर शिल्लक असते ती बाटलीत पुन्हा आंबते आणि फेस तयार होतो, शँपेनसारखंच. जुनी बिअर चव देते, कोवळी जीव देते. रंग पिवळा सोनेरी, आंबटपणा आहे पण गोलाई आहे, लिंबाच्या सालीसारखा थोडा कडवटपणा शेवटी. कुणी पहिल्यांदा पिणार असेल तर मी हीच देईन, ही माणसाला बिचकवत नाही.

मग कांतियोंची ग्यूझ. वरचं पत्र्याचं झाकण काढलं की आत बूच आहे, ते काढताना नुसता हलका ‘फुस्’ झाला. पहिला घोट गालाच्या आतून असा आवळला की डोळे मिटले. कैरी नाही, चिंच नाही, कच्च्या हिरव्या सफरचंदाची साल चावल्यासारखं, आणि त्याच्यामागं एक वास, जो मला ओळखीचा होता पण नाव सापडेना. पावसात भिजलेली कडब्याची गंजी, नंतर ऊन पडलं की जो वास येतो तो त्यात होताच, हे काम ब्रेटॅनोमायसिस नावाच्या यीस्टचं. १९०४ साली क्लाउसेन नावाच्या शास्त्रज्ञानं कार्ल्सबर्गमध्ये काम करताना ते ब्रिटिश बिअरमधून शोधलं म्हणून ते नाव, अर्थ ब्रिटिश बुरशी. लँबिकमध्ये ते खूप उशिरा कामाला लागतं, आधी साधं यीस्ट साखर खातं, मग काही महिन्यांनी आंबट करणारे जिवाणू येतात, त्या काळात बिअर कधीकधी तारेसारखी चिकटसुद्धा होते, आणि मग हे ब्रेट हळूहळू सगळं निस्तरत बसतं, महिनोन् महिने. पण कडब्याच्या पलीकडं अजून काहीतरी होतं त्या ग्लासात.

तेवढ्यात आई भडंग घेऊन वर आली. तिला आमचं पिणं आवडत नाही पण दादा इतक्या लांबून आला म्हणून काही बोलली नाही. ग्लास तिच्याजवळ होता, तिनं वाकून वास घेतला आणि म्हणाली, “अरे, हा तर कुरडईच्या गव्हाचा वास. तिसऱ्या दिवसाचा.”

बरोब्बर! तोच होता! चैत्रात आई गहू भिजत घालते, रोज पाणी बदलते, आणि तिसऱ्या दिवशी झाकण काढलं की वर बारीक बुडबुडे असतात आणि पूर्ण स्वयंपाकघरात तो आंबूस वास भरतो, मग वाटून चीक काढायचा. लहानपणी मी नाक धरून पळायचो आणि शिजलेला गरम चीक खायला मात्र सगळ्यांत पुढं. त्या गव्हाला तरी कोण विरजण लावतं? तोही आपला आपण आंबतो, गव्हावर आणि हवेत जे आहे त्यानंच. मी आईला हे सगळं सांगितलं, त्या माळ्यावरच्या भांड्याचं, कच्च्या गव्हाचं. ती म्हणाली, “मग त्यांना तीन वर्षं कशाला लागतात?” दादा म्हणाला, “मावशी, तुझा गहू तीन दिवसांनी शिजतो, त्यांचा तीन वर्षं तसाच पिंपात राहतो.” हे उत्तर तिला पटलं.

मित्र मात्र गप्प झाला होता. थोड्या वेळानं म्हणाला, “आमच्याकडं हा नुकसानीचा वास आहे.” अवकाळी पाऊस झाला की मणी तडकतात, रस बाहेर येतो आणि घडातच आंबायला लागतो, दोन दिवसांत पूर्ण बागेत असा वास पसरतो की पाय ठेववत नाही. त्याच्या नाकाला तो वास कर्जाचा हप्ता आठवून देतो. मला त्याचं खरंच वाईट वाटलं, आणि हेही वाटलं की वास एकच असतो, तो कुणाच्या घरात येतो त्यावर सगळं आहे. मग दादानं सांगितलं की कांतियोंवाले द्राक्षं घालूनही बिअर करतात, पांढऱ्या मस्कत द्राक्षांची एक आणि मेर्लोची एक. तेव्हा हा एकदम सरसावून बसला आणि पहिला प्रश्न, “किलोला किती देतात?” दादाला माहीत नव्हतं. आपली सोनाका जातीची द्राक्षं चालतील का, मण्यावरचं यीस्ट कामाला येतं का, फवारणी केलेलं चालतं का, अर्धा तास तेच चाललं होतं.

क्रीक म्हणजे आंबट चेरीची. फेसानं थोडी वाया गेली, गच्चीवर डाग अजून आहे. रंग अगदी कोकमाच्या आगळासारखा. लिटरला साधारण २०० ग्रॅम फळ घालतात, आणि चेरी बियांसकट, म्हणून पिऊन झाल्यावर घशात बदामासारखा वास राहतो, तो बियांचा. गोडी शून्य. फळातली सगळी साखर यीस्टनं खाल्लेली असते, राहतो तो फळाचा रंग, आंबटपणा, सालीचा तुरटपणा. पिकलेलं करवंद खाल्ल्यावर जिभेवर जो चीक-तुरट थर बसतो ना, तसलं काहीतरी. प्यायलेल्या चारातली मला हीच सगळ्यांत आवडली.

रोझे द गाम्ब्रिनुस रास्पबेरीची. महाबळेश्वरला ताजी रास्पबेरी खाल्ली असेल तर वास लगेच ओळखाल, ग्लास नाकाजवळ आणायच्या आधीच येतो. वासावरून जीभ गोडाची तयारी करते आणि तोंडात येतं खणखणीत आंबट. दुसऱ्या घोटापासून मात्र ती सोडवत नाही. आंबटपणा क्रीकपेक्षा टोकदार, अंग हलकं. पुण्यातल्या त्या सरबताशी हिचं काहीही नातं नाही. फळांची बिअर साठवून ठेवायची नाही, वर्षभरात प्यावी असं माझं मत झालंय, फळाचा वासच तर तिचा प्राण आहे. ग्यूझ मात्र नीट ठेवली तर वर्षानुवर्षं राहते.

खाण्याचं सांगायचं तर भडंग नको. लसूण आणि तिखट आंबटावर चढतं आणि बिअर नुसती झोंबते. दादानं येताना साताऱ्यात थांबून कंदी पेढे आणले होते, ते तर अजिबात नको, पेढ्यानंतरचा घोट व्हिनेगरसारखा लागला. जमलं काय तर हुरडा. मित्रानं शेतातून आणलेली कणसं गोवऱ्यांवर भाजली होती, चटणी न लावता नुसता गरम हुरडा आणि वर गार ग्यूझ, धुराचा वास, दाण्याची कोवळी गोडी आणि तो आंबटपणा, इतकं सुरेख जुळलं की दहा मिनिटं कुणी बोललंच नाही.

बूनची दुसरी बाटली राहिलीये. खालच्या मजल्यावर धान्याच्या कोठीशेजारी, घरातली सगळ्यांत गार जागा, पेपरात गुंडाळून ठेवलीये. सांगलीचा उन्हाळा तिला सोसेल का ही धाकधूक आहेच, म्हणून फार दिवस ठेवणार नाही. आईला विचारून ठेवलंय, ती पाडवा झाला की गहू भिजत घालणार आहे, मित्रालाही सांगितलंय तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ये म्हणून. पातेलं आणि ग्लास शेजारी ठेवून आईलाच दोन्हीचा वास घ्यायला लावणार आहे.