डर्ट बाईक रोडवर आणायचीय? मग आधी स्टेटरची अर्थ वायर बघा

माझी एन्ड्युरो बाईक रोडवर काढायची म्हणून मी हॉर्न, इंडिकेटर, आरसे, ब्रेकलाईट असं सगळं सामान गोळा करून ठेवलं होतं आणि खरं काम इंजिनच्या साईड कव्हरच्या आत आहे हे मला नंतर कळलं. बाईकला बॅटरी नव्हती, हेडलाईट थेट स्टेटरच्या (इंजिनमधला वीज तयार करणारा कॉईलचा संच) एसीवर चालायचा, म्हणजे रेस दिली की लख्ख आणि आयडलला काजव्यासारखा. रोडवर हे चालत नाही, सिग्नलला उभं असताना ब्रेकलाईट आणि इंडिकेटर नीट लागायलाच हवेत, मागच्याला आपण दिसलो पाहिजे. त्यासाठी डीसी पाहिजे आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी पाहिजे. (नुसत्या ट्रॅकवरच्या शर्यतीची मोटोक्रॉस बाईक असेल तर बऱ्याचदा लायटिंग कॉईलच नसते, फक्त इग्निशनची असते, तिथे स्टेटर बदला नाहीतर रिवाइंड करून घ्या, दुसरा उपाय नाही.)

मी काय केलं, फुल वेव्ह रेग्युलेटर-रेक्टिफायर (एसीच्या दोन्ही अर्ध्या फेऱ्यांचा डीसी करून व्होल्टेज आवरणारा डबा) आणला आणि आहे त्या वायरला जोडून टाकला. बॅटरी काही चार्ज होईना, कितीही रेस द्या, मीटर १२.३ च्या वर सरकेना, आणि दहा मिनिटांत रेग्युलेटर इतका तापला की हात लावता येईना. कारण असं की अशा कॉईलचं एक टोक आतच स्टेटरच्या लोखंडाला सोल्डर केलेलं असतं, म्हणजे बॉडीला अर्थ. बॅटरीचं मायनसही बॉडीलाच. मग एसीच्या अर्ध्या फेरीत करंट बॅटरीत जातो आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत रेक्टिफायरच्या खालच्या डायोडमधून (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) कॉईल शॉर्ट होते. कॉईलही तापते, रेग्युलेटरही, आणि हाती काही लागत नाही.

म्हणून ते टोक सोडवायचं. त्यासाठी फ्लायव्हील (स्टेटरभोवती फिरणारं चुंबकाचं चाक) पुलर लावूनच काढा, हातोडी नको, आणि नट उलट्या आट्यांचा नाही ना ते आधी बघा. माझ्या स्टेटरवर एकाच टॅगला दोन तारा सोल्डर केलेल्या होत्या, एक केसासारखी बारीक, एक जाड. बारीक ती इग्निशनची, तिला अजिबात धक्का लावू नका, ती अर्थच राहिली पाहिजे. जाड ती लायटिंगची. ती गरम करून हळूच उचलली, टोकावरचं वार्निश ब्लेडने खरवडून तांबं चकचकीत केलं, त्याला तेल आणि उष्णता सहन करणारी वायर सोल्डर केली, स्लीव्ह चढवली आणि एपॉक्सीने जागेवर बसवली, कारण तिथे फ्लायव्हील अगदी जवळून फिरतं. मग मल्टिमीटर बीपवर ठेवून बघितलं, लायटिंगच्या दोन वायरींत आपापसात बीप आणि बॉडीला एकही बीप नाही. हे जमलं म्हणजे निम्मं काम झालं. त्या दोन वायरी रेग्युलेटरच्या दोन पिवळ्या वायरींना, कुठली कुठेही चालते.

आता वॅटचा हिशेब. माझी कॉईल ७० वॅटची, तीही रेस असताना. जुन्या बल्बांवर हेडलाईट ३५, टेल ५, ब्रेक २१, एका बाजूचे दोन इंडिकेटर २०, बेरीज ८१, म्हणजे सिग्नलला बॅटरी उतरणारच. एलईडीवर हेच सगळं मिळून २५ च्या आसपास आलं. फक्त लाईट रोडसाठी मंजूर असलेलेच घ्या, आणि आपल्याकडचे नियम सामान घेण्याआधी वाचा, नंतर नाही.

एलईडी लावले की जुना फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारा रिले) भराभर टिकटिकतो किंवा टिकटिकतच नाही, त्याला लोड पुरत नाही, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा लागतो. आणि मीटरवर दोन्ही बाजूंसाठी एकच खुणेचा दिवा असेल तर त्यातून करंट पलीकडे जातो आणि चारही इंडिकेटर एकदम लागतात. दोन्ही बाजूंना एकेक डायोड टाकला आणि दिव्याचं दुसरं टोक अर्थला दिलं की ते मिटतं. ब्रेकलाईट मागच्या पेडलवर तर हवाच, पण पुढच्या ब्रेकलाही स्विच लावा, बँजो बोल्टमध्ये (ब्रेकचा पाईप जोडणारा पोकळ बोल्ट) बसणारा प्रेशर स्विच मिळतो, तो बसवल्यावर ब्रेकची हवा काढायला विसरू नका.

चावीचा स्विच कॉन्टॅक्टच्या दोन जोड्यांचा घ्यावा लागला, कारण माझ्या बाईकच्या सीडीआयची (स्पार्क देणारा इग्निशनचा डबा) किल वायर बॉडीला टेकली की इंजिन बंद होतं, म्हणजे चावी बंद केल्यावर बॅटरी तुटायला हवी आणि किल वायर जुळायला हवी. त्या किल वायरला चुकूनही १२ व्होल्ट देऊ नका, सीडीआय जाईल.

बॅटरीच्या प्लसला लागूनच १० अँपिअरचा फ्यूज टाकला, अर्थच्या जागी फ्रेमचा रंग खरवडला, आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून वायरी कुठे ताणतात का ते बघूनच टाय आवळले. मग किक मारली. आयडलला हेडलाईट लावून १३.१, थोडी रेस दिली तर १४.१, ब्रेक दाबला, इंडिकेटर लावला, आकडा हलला नाही. रेग्युलेटरवर हात ठेवून पाच मिनिटं तिथेच बसलो, नुसता कोमट होता.